शब्दांची पारख करणारा भक्त : रेव्ह. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे

निजामी अमदानीत बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत दोन प्रकारचे रुपये चालत असत. एक निजाम सरकारचा हाली आणि दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. लोक दोघांनाही रुपयाच म्हणत. पण हाली रुपया कलदाराहून कमी किमतीचा होता. म्हणून सौदा करताना शहाणा माणूस रुपया कोणता हे आधी विचारून घेई. जो विचारीत नसे, तो घरी गेल्यावर हळहळत बसे.

धर्माच्या बोलण्यातही पुष्कळ वेळा असेच होते. आमच्या सीमाभागातील मन्नाएखेळ्ळीसारखे गाव घ्या. मुंबई-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावात कानडी, मराठी, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषा कानांवर पडतात. जवळच हुमनाबादेस माणिकप्रभूंची गादी आहे. तेथे अद्वैताची शिकवण भजनांतून चालत आलेली आहे. पलीकडे बसवकल्याण ही शिवशरणांची भूमी. त्यामुळे आत्मा, माया, मुक्ती, अवतार, पाप, पुण्य हे शब्द आमच्या शब्बाथशाळेतील मुलाच्या कानी शिक्षकाने उच्चारण्याच्या कितीतरी आधीच पडलेले असतात, आणि तेही निराळ्या अर्थाने. शिक्षक एक अर्थ मनात धरून बोलतो, मूल दुसरा अर्थ मनात धरून ऐकते, आणि धडा नीट समजला असे दोघांनाही वाटते.

शब्दांची ही पारख करण्यात ज्याने आपले अवघे आयुष्य घालवले, आणि त्या पारखीपायी घरदार, मान व जिवलग माणसे यांनाही जो मुकला, अशा एका मराठी पंडिताचे चरित्र या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. रेव्ह. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे यांचे नाव आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. नव्या पिढीला मात्र ते केवळ नावापुरतेच ठाऊक आहे.

नीळकंठ यांचा जन्म १८२५ साली झांशीजवळच्या एका खेड्यात झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. पेशवाईच्या काळात जी मराठी घराणी उत्तरेकडे गेली त्यांपैकी हे एक होय. बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातील बांद्याच्या नबाबाच्या पदरी त्यांचे वाडवडील कारभारी होते. पुढे कुटुंब काशीस येऊन राहिले. म्हणून हा मुलगा घरी मराठी, बाहेर हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत अशा तीन भाषांत वाढला. व्याकरण आणि न्याय या शास्त्रांत त्याची बुद्धी विशेष चाले. न्यायशास्त्राची पहिली शिस्त अशी की, वाद करण्यापूर्वी शब्दाचे लक्षण सांगावे. ते लक्षण फार सैल नसावे, फार आखूड नसावे आणि अशक्यही नसावे. ही शिस्त नीळकंठांच्या अंगी अशी मुरली की पुढे धर्म बदलला तरी ती सुटली नाही.

त्या वेळी काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम स्मिथ हे काम करीत होते. त्याच काळात जॉन म्यूर नावाच्या कंपनी सरकारच्या एका विद्वान अधिकाऱ्याने मतपरीक्षा नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. तरुण नीळकंठांना हा आपल्या धर्मावरील घाला वाटला. मिशनऱ्याला वादात निरुत्तर करावे या हेतूने ते स्मिथसाहेबांकडे गेले. शिवाय १८४४-४५ च्या सुमारास त्यांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय नावाचा संस्कृत ग्रंथ रचून म्यूर यांना उत्तर दिले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

या ग्रंथात त्यांनी घेतलेले आक्षेप उथळ नव्हते. पूर्वजन्मीचे कर्म नाही असे मानले, तर एक मूल सुखात आणि दुसरे दुःखात जन्मते याचे कारण काय? थोड्या वर्षांच्या पापाला अनंतकाळची शिक्षा, हा न्याय कसा? हे प्रश्न आजही आमच्या तरुणांना विचारले जातात, आणि पुष्कळदा ते निरुत्तर होतात. नीळकंठांनी हे प्रश्न ख्रिस्ती लोकांना हरवण्यासाठी विचारले होते. परंतु ज्या कठोरपणे त्यांनी परक्या मताची परीक्षा केली, त्याच कठोरपणे आपल्या मताचीही करावी असे त्यांच्या प्रामाणिक मनाने घेतले. स्मिथसाहेबांनी घाई केली नाही आणि रागही धरला नाही. त्यांनी पवित्र शास्त्र हाती दिले व वाट पाहिली. जो खंडन करण्यासाठी वाचू लागला, तो हळूहळू ऐकण्यासाठी वाचू लागला.

हा पालट सोपा नव्हता. घरच्यांनी विनवण्या केल्या. पंडितांच्या नगरीत ज्याची बुद्धी नावाजलेली, त्यानेच फितूर व्हावे हे कोणाला सोसणार? शेवटी काशीत अडथळा होईल म्हणून नीळकंठ जौनपुरास गेले आणि १४ मार्च १८४८ रोजी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधणाऱ्या नेहेम्याचे नाव त्यांनी घेतले. नातलगांनी पत्नीला त्यांच्यापासून दूर ठेवले होते. काही काळाने ती त्यांच्याकडे आली. १८५३ साली त्यांना एलन लक्ष्मी ही कन्या झाली आणि थोड्याच काळात त्या बाळाची आई देवाघरी गेली. ती मुलगी एका इंग्रज कुटुंबात वाढली. पुढे तिने इंग्रजीत गीते रचली. देवाच्या सान्निध्यातील गुप्त आश्रयाविषयीचे तिचे गीत जगभरच्या मंडळ्यांत गाइले गेले. १८८० साली ती आपल्या देशी परतली आणि येथील स्त्रियांमध्ये तिने सेवा केली. बाप मात्र लेकीच्या बालपणाला पारखा झाला.

१८५४ साली महाराजा दलीपसिंग यांच्याबरोबर नेहेम्या इंग्लंडास गेले. तेथे त्यांनी शिक्षण घेतले, राणी व्हिक्टोरिया यांची भेट झाली, आणि ऑक्सफर्डच्या मॅक्स म्यूलर यांच्याशी परिचय झाला. लंडन शहर पाहून हा माणूस किती खिन्न झाला होता, याची हकीकत म्यूलर यांनी लिहून ठेवली आहे. ख्रिस्ती देश या शब्दाचा अर्थ नेहेम्यांनी शुभवर्तमानांवरून केला होता. प्रत्यक्षात दिसला तो संपत्तीचा हव्यास आणि देवाविषयीची बेफिकिरी. शब्द एक आणि माल दुसरा, हा अनुभव त्यांना आपल्या नव्या घरातही आला. तरी त्यांनी प्रभूला सोडले नाही. ख्रिस्ती म्हणवणारा समाज आणि ख्रिस्त यांत भेद करण्यास मात्र ते शिकले.

परत आल्यावर त्यांनी आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. षड्दर्शनदर्पण हे त्याचे नाव. तो हिंदीत १८६० साली निघाला आणि फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ साली कलकत्त्यास छापले गेले. सहा दर्शनांची ही परीक्षा ऐकीव माहितीवर केलेली नव्हती. ज्या गुरूंच्या पायांशी बसून ते ग्रंथ शिकले, त्यांच्याच परिभाषेत ती केलेली होती. या ग्रंथातील काही मुद्दे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावेत म्हणून सोप्या रीतीने सांगतो.

पहिला शब्द सत्य, म्हणजे असणे. वेदान्तात असण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. अंधारात दोरीवर भासलेला साप ही एक, आपले रोजचे जग ही दुसरी, आणि ब्रह्म ही तिसरी. त्यांना अनुक्रमे प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक म्हणतात. गोरे यांचे म्हणणे असे की, वस्तू एक तर असते किंवा नसते. साप दिसला ही पाहणाऱ्याची चूक आहे. त्या चुकीमुळे सापाला एक वेगळ्या जातीचे असणे मिळत नाही. हा वाद केवळ पंडितांचा नाही. जग जर परमार्थाने नाही, तर भुकेल्याची भूकही परमार्थाने नाही, माझे पापही नाही, आणि त्या पापाची क्षमाही नाही. वधस्तंभावर जे घडले ते खरोखरच घडले असे म्हणण्यासाठी आधी हे जग खरे असावे लागते.

दुसरा शब्द ज्ञान, आणि त्याच्याच जोडीचा आनंद. ब्रह्म हे ज्ञानरूप व आनंदरूप आहे असे ऐकले की साध्या माणसाला वाटते, देव आपल्याला ओळखतो आणि आपल्याविषयी संतोष पावतो. परंतु निर्गुण ब्रह्माविषयी शास्त्रकारांचा अर्थ तसा नाही, हे गोरे यांनी दाखवले. तेथे जाणणारा, जाणलेली वस्तू आणि जाणणे असा भेदच नाही. म्हणून ते ब्रह्म कोणालाही जाणत नाही. ज्याला काहीच कळत नाही त्याला ज्ञान म्हणणे म्हणजे शब्दातील सार काढून घेऊन नुसते टरफल ठेवणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

तिसरा शब्द पाप. दर्शनांच्या मते पापाप्रमाणे पुण्यही बंधनच आहे. कारण त्याचेही फळ भोगण्यासाठी पुन्हा जन्म घ्यावा लागतो. म्हणजे तेथे मुख्य अडचण जन्ममरणाच्या फेऱ्याची. पवित्र शास्त्रात पाप म्हणजे पवित्र देवाविरुद्ध केलेला अपराध, ज्याने बाप आणि लेकरू यांच्यामध्ये ताटातूट होते. मग सुटकेचा अर्थही बदलतो. न्यायशास्त्राच्या मुक्तीत दुःख संपते, पण त्याबरोबर सुखाची जाणीवही संपते. ख्रिस्ती माणसाला जे तारण मिळते त्यात तो देवाला अधिक ओळखतो आणि त्याच्यावर अधिक प्रीती करतो. दोन्ही ठिकाणी मुक्ती हाच शब्द वापरला, तरी एक हाली आहे आणि दुसरा कलदार आहे, हे ओळखलेच पाहिजे.

चौथा शब्द कर्ता. न्यायदर्शनात ईश्वर आहे. परंतु तो कुंभारासारखा आहे. माती, म्हणजे परमाणू, त्याच्याइतकेच अनादी, जीवही अनादी. तो फक्त घडवतो. पवित्र शास्त्रातील देव मातीदेखील उत्पन्न करतो. म्हणून आपण त्याचे केवळ घडवलेले नाही, तर सर्वस्वी त्याचे आहोत.

वेदान्ती पंडितांना हे खंडन मान्य झाले असे नाही. त्यांनी आपल्या परीने उत्तरे दिली आहेत, आणि हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. गोरे यांच्यापासून आम्ही घ्यायचे ते हे की, ज्याच्याशी मतभेद आहे त्याचा शब्द त्याच्याच अर्थाने समजून घेतल्यावाचून त्यांनी त्यावर बोट ठेवले नाही. शेजाऱ्याच्या धर्माविषयी ऐकीव थट्टा करणे आणि त्याला सत्याची साक्ष देणे यांत फार अंतर आहे.

पुढे बंगालात ब्राह्मो समाज व मुंबई-पुण्यात प्रार्थना समाज यांतील सुशिक्षित मंडळींशी त्यांचा वाद झाला. ही मंडळी एका देवाला प्रेमळ पिता म्हणून भजत आणि हे ज्ञान मनुष्याच्या अंतःकरणातूनच मिळते असे मानत. गोरे यांनी त्यांना विचारले की, हा पिता तुम्हांला कोणत्या जुन्या ग्रंथात भेटला? हा अर्थ तुमच्यापर्यंत ख्रिस्ताकडूनच आला आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. शब्द वापरणाऱ्याने तो कोठून आला हेही सांगावे, असा त्यांचा कटाक्ष होता.

परंतु हा माणूस केवळ खंडन करणारा होता असे समजू नये. उतारवयात त्यांनी असेही लिहिले की, देवाने आपल्या देशबांधवांना ख्रिस्ताच्या स्वीकारासाठी आधीपासून सिद्ध केले आहे. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा या गोष्टी हिंदू माणसाला नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. तो त्यांना मान देतच वाढतो. देव मनुष्यांमध्ये येतो ही कल्पनाही त्याला परकी नाही. अथेन्स नगरात पौलाने अज्ञात देवाची वेदी पाहून तेथूनच आपले भाषण सुरू केले. तशीच ही दृष्टी होय. जे शब्द चालण्याजोगे नव्हते ते गोरे यांनी बाजूला केले, आणि जे खणखणीत होते ते प्रभूच्या चरणी वाहिले.

त्यांच्या मंडळीविषयक विचारांत पुढे पालट झाला. ते इंग्लिश मंडळीतील प्राचीन परंपरा मानणाऱ्या पक्षाकडे वळले, १८७० पर्यंत त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १८७६ साली ते पुन्हा इंग्लंडास जाऊन काउली येथील संन्यस्त बंधूंच्या संस्थेत उमेदवार म्हणून राहिले. शेवटचे व्रत मात्र त्यांनी कधी घेतले नाही. आपण त्यास योग्य आहोत की नाही, हा संशय त्यांना सोडीना. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांना त्यांची ही उपासनापद्धती रुचणार नाही. परंतु अर्धा विश्वास असता पुरा विश्वास हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा बाणा कोणत्याही पंथाच्या माणसाने घेण्याजोगा आहे. शंका त्यांना मरेपर्यंत येत राहिल्या. त्यांनी त्या लपवल्या नाहीत आणि त्यांच्या भीतीने सेवाही सोडली नाही. ज्या अनंतकालिक शिक्षेच्या प्रश्नावरून त्यांनी तरुणपणी ख्रिस्ती मतावर हल्ला केला होता, त्याच प्रश्नावर पुढे त्यांनी ख्रिस्ती बाजूने पुस्तक लिहिले. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाने विचारलेला प्रश्न त्यांनी वीस वर्षे मनात वागवला होता.

पुण्यात पंचहौद येथे व अन्यत्र त्यांनी शेवटची वर्षे सेवा केली. राहणी अत्यंत साधी, बोलणे मृदू. याच काळात त्यांच्या हातून एक असे काम झाले की त्याचे फळ आमच्या सीमाभागापर्यंत येऊन पोहोचले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मनात शास्त्रांविषयीच्या ज्या गाठी होत्या, त्या इंग्रज भगिनींना उकलता येण्यासारख्या नव्हत्या; कारण त्या संस्कृतातल्या गाठी होत्या. त्या उकलण्यास गोरे यांचे लेखन उपयोगी पडले, आणि रमाबाईंनी हे ऋण पुढे मोकळ्या मनाने मान्य केले.

रमाबाई मूळच्या कर्नाटकातल्या; त्यांचा जन्म १८५८ साली गंगामूळ येथे झाला. शब्दांची काळजी त्यांनीही तशीच वाहिली. आपल्या काळचे मराठी पवित्र शास्त्र संस्कृत शब्दांनी जड झाले आहे व अडाणी बायामाणसांना ते कळत नाही, हे पाहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्यांनीच १९१३ च्या सुमारास गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली आणि कन्या मनोरमा हिने ती सांभाळली. काशीच्या एका पंडिताने प्रामाणिकपणे शब्द पारखले, त्यातून एका विदुषीला वाट सापडली, आणि तिच्या हातून आमच्या मुलखातील मुलींना अक्षर मिळाले. देवाच्या शेतात बी कोठे पडते आणि पीक कोठे येते, हे पेरणाऱ्याला पुष्कळदा दिसत नाही.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे गोरे यांचे देहावसान झाले. त्यांनी मागे धन ठेवले नाही. पुस्तके ठेवली, आणि विचार करून विश्वास धरणाऱ्यांसाठी एक नमुना ठेवला.

आता शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना दोन गोष्टी सुचवून हा लेख पुरा करतो. पहिली ही की, नवा धडा सुरू करण्यापूर्वी त्यातील मुख्य शब्द फळ्यावर लिहा आणि त्याचा अर्थ आधी मुलांना विचारा. अवतार म्हणजे काय, असे विचारले की मूल दहांची नावे सांगेल. त्याला रागावू नका. मग ख्रिस्ताचे देहधारण एकदाच झाले, तो दुष्टांचा संहार करण्यास नव्हे तर त्यांच्यासाठी मरण्यास आला, आणि पुनरुत्थान होऊन आजही मनुष्यच आहे, हे समजावून द्या. फरक त्याच्या कायमचा लक्षात राहील.

दुसरी ही की, आमच्या भागातील अनेक भाषा हे संकट समजू नका. ते देणे आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ख्रिस्ताला जे नाव दिले आहे ते मराठीत शब्द, कानडीत व तेलुगूत वाक्य, आणि उर्दूत कलाम असे वाचले जाते. मन्नाएखेळ्ळीच्या एका वर्गात ही सारी नावे माहीत असलेली मुले एकत्र बसू शकतात. त्यांना विचारा, शब्द दिला असे आपण केव्हा म्हणतो? वचन दिले म्हणजे. आणि गोरे ज्या न्यायशास्त्रात वाढले त्यात शब्द याचा अर्थ विश्वासू माणसाची साक्ष असा होतो. देवाने आपले वचन आणि आपली साक्ष एका व्यक्तीच्या रूपाने आम्हांला दिली, एवढे जरी मुलांच्या ध्यानी आले, तरी त्या रविवारचे शिकवणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.